हौसानं ठेवलेलं नाव

हौसा, सुटलीस गो बाई.

त्या सकाळी ओला कापूस तुझ्या ओठाला लावला आणि तू तो चोखला नाहीस, तेव्हा माझ्या तोंडून पहिले हेच शब्द गेले. मागे बसलेल्या बायकांनी हंबरडा फोडला, मला मात्र पटकन रडू आलं नाही. छातीवरचा दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. मुंबईच्या डॉक्टरांनी पोटातली गाठ दाखवून घरी न्या म्हटलं, त्याला आता पाच महिने झाले. भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये तुला बसवलं तेव्हा तू हसत म्हणालीस, "यमे, तोंड पाडू नको, मासली खराब हाय असं लोकांना वाटंल." पण शेवटच्या महिन्यात तुझं हसणंही आटत गेलं. पेज पोटात ठरत नव्हती. कूस बदलताना तू माझं मनगट असं धरायचीस की वळ उठायचे. ते वळ आता उतरलेत. घर शांत आहे आणि मला झोप लागते, हे तुला सांगायला लाज वाटत नाही. तूच म्हणाली असतीस, "निजली तर निज की, माझं काय जातंय!"

लोक येऊन बसतात आणि तुझ्याबद्दल गोड बोलतात. किती गरीब होती, किती सोसलं, कधी वर मान करून बोलली नाही म्हणतात. मी ऐकून घेते. हौसा, तू गरीब कधी होतीस गं? थळच्या कोळीवाड्यात तुझ्याइतकी भांडखोर बाई झाली नाही. तुझ्या भांडणावरच माझा संसार उभा आहे. म्हणून मीच लिहायला बसले. चार बुकं शिकलेली आपल्या दोघींत मी एकटी, आणि तुला वाचून दाखवलेलं ऐकायला फार आवडायचं.

आपण दोघी शेजारच्या अंगणातल्या. तुला उरणला दिली आणि मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. दीड वर्षात तू परत आलीस, मोकळ्या हातांनी. मिठाचा मचवा उलटला, तुझा माणूस सापडला नाही, आणि तिसऱ्या दिवशी सासरच्यांनी तुझ्या बांगड्या फोडल्या. आपल्यात उजव्या हातातल्या बांगड्या लग्नातच समुद्राला देतात, त्यानं डाव्या हातातल्यांची राखण करावी म्हणून. त्यानं राखण केली नाही. तू माहेरी आलीस, डोक्यावर टोपली घेतलीस आणि अलिबागच्या बाजारात बसू लागलीस. त्यानंतर कोणाच्या हळदीला, कोणाच्या बारशाला तुला पुढे बोलावलं नाही. मागे चुलीजवळ लसूण सोलायला मात्र बोलवायचे.

स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशीही आपण टोपल्या घेऊन अलिबागला गेलो होतो, आठवतं? पावसाळा होता, टोपल्यांत सुके बोंबील आणि सुकट. बाजारात गिऱ्हाईक नाही, सगळे झेंडा बघायला गेलेले. मग आपणही गेलो. शाळेच्या मैदानात चिखल, आणि वर नवा कोरा झेंडा. तुझ्याकडून नेहमी सुकट घेणारे एक मास्तर भाषण करत होते. झेंड्यावरच्या चाकाला त्यांनी अशोकचक्र म्हटलं. भाषण संपल्यावर तू सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिलीस. मी तुझा पदर मागे ओढत होते.

"मास्तर, असोक म्हंजे कोन?"

"फार मोठा राजा होता, हौसाबाई. दोन हजार वर्षांपूर्वीचा."

"आनि त्याच्या नावाचा अर्थ काय?"

"ज्याला शोक नाही, तो अशोक."

तू पुन्हा विचारलंस, "अजिबात न्हाय?" मास्तर हसले आणि म्हणाले, "नावात तरी नाही."

थळपर्यंत वाटभर तू ते नाव घोळवत आलीस. असोक, असोक. आपल्यातली नावं तुला ठाऊक, धाकू, नामा, पोशा, हिरू. आजोबा गेला की त्याचं नाव नातवाला, नातू म्हातारा झाला की त्याच्या नातवाला. नाव म्हणजे घरातलं जुनं भांडं, घासून पुन्हा वापरायचं. नवीन नाव कोणी बाजारातून आणत नसे. तू आणलंस.

त्यानंतरच्या शिमग्यात तुझ्या भावाशी माझं लग्न झालं. मैत्रीण नणंद झाली. चारचौघांत तू मला वयनी म्हणायचीस आणि वळचणीला गेलं की यमे.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर वादळ आलं तेव्हा माझे दिवस भरले होते. तुझा भाऊ मचवा घेऊन गेला होता. बरोबर तिघे, एक बिनलग्नाचे चुलते आणि चौलकडची दोन पोरं. बाकीचे मचवे फाटक्या शिडांनी का होईना, परत लागले. आपला आला नाही. मामंजी रोज किनाऱ्यावर उभे राहायचे, समोरच्या खांदेरी बेटावरच्या वेताळाला नवस बोलायचे. आठवडा झाला. मग किहीमच्या वाळूत आपल्या मचव्याच्या सुकाणूची फळी लागली. तुझ्या भावानं स्वतः रंगवलेली. मामंजी ती फळी खांद्यावर टाकून घरी आले, ओटीवर ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. त्यांनी काही सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. त्याच संध्याकाळी मला कळा लागल्या.

मुलगा झाला. बाळंतपणात तू होतीस, सुईण होती आणि बाहेर म्हातारा रडत होता. आनंदानं की दुःखानं, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

बारसं करायचं की सूतक धरायचं यावर घरात दोन दिवस कुजबुज चालली होती. अखेर मामंजींनीच ठरवलं. माझ्या खोलीच्या दाराशी येऊन ते उभे राहिले. वाईट माणूस नव्हता तो, हौसा, हे तूही मानायचीस. त्यांचे दोन भाऊ समुद्रानं नेले होते. त्यांना ठाऊक होतं तेवढंच ते बोलत होते.

"सूनबाय, पोराला बापाचं नाव देऊ. हरी गेला, हरी आला. नाव रिकामं राहू नये."

त्यांनी उच्चारलं म्हणून इथे लिहिलं. एरवी माझ्या तोंडून नवऱ्याचं नाव अजून निघालेलं नाही. त्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की आता माझ्या पोराला मला कधी हाकच मारता येणार नाही. आणि दुसरं त्याच्या मागोमाग आलं. जित्या बापाचं नाव पोराला कोणी ठेवत नाही. बारशाला ते नाव कानात पडलं की तुझा भाऊ मेला. मग दुसऱ्या दिवशी बायका बांगड्या फोडायला येणार. त्यांना वेगळं सांगायलाही लागणार नव्हतं.

तू दाराआड उभी राहून सगळं ऐकत होतीस. मला वाटलं तू भांडशील. तू घागर उचलून पाण्याला गेलीस. तेव्हा मी तुझ्यावर मनातून फार चिडले होते.

बारशाला अंगण भरलं. नाव ठेवायचा मान आत्याचा, पण सख्खी आत्या विधवा. म्हणून चुलत आत्या काशीबायला चौलहून बोलावलं होतं. पाळण्याखालून पाळण्यावरून नारळ फिरला, कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या. बायका गात होत्या, पण गाण्यात जीव नव्हता. सगळ्यांची नजर माझ्या डाव्या हाताकडे. तू नेहमीसारखी मागे चुलीपाशी होतीस. काशीबाय वाकली, पाळण्याची दोरी धरली.

आणि तू आत आलीस. हाताला लसणाचा वास, पदर खोचलेला. बायकांच्या मधून वाट काढत तू आलीस, काशीबायच्या खांद्याला धरून तिला बाजूला केलंस आणि पाळण्यात तोंड घातलंस. कानात कुर्र केलंस. नाव मात्र कानात नाही सांगितलंस. अख्ख्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालीस, "असोक!"

पोर दचकून रडायला लागलं. 

ओटीवरून मामंजींचा आवाज आला. "काय नाव घेतलंस?"

"असोक."

"ह्यो कोन?"

"शोक न्हाय असा."

"हौसे, घरात मानूस गेलाय."

तू पाळणा सोडून दारापर्यंत गेलीस. "गेला असंल तर मीच पयली रडन, बा. गेला हाय? तुमी बघितलाव?"

"फली बघितली."

"फली बघितली. हरीला बघितला?" तुझा आवाज तिथे फाटला. "माझ्या येलंला मी कुनाला इचारलं न्हाय. बांगड्या फोडायला हात पुढं केला. आजून वाटतं, इचारायला पायजे होतं. आता इचारते. कुनी बघितला माझा भाऊ मेलेला? ज्यानं बघितला त्यानं पुढं यावं, मी नाव मागं घेते."

कोणी पुढे आलं नाही. काशीबाय पुटपुटली की विधवेनं पाळण्याला हात लावला, पोराचं काय होईल. पण एकदा आत्यानं पाळण्यात घेतलेलं नाव काढता येत नाही, हे तिलाही मान्य करावं लागलं. घुगऱ्या वाटल्या, बायका पटापटा उठल्या. माझ्या बांगड्या हातातच राहिल्या.

मी तेव्हा तुला काय म्हणाले ते आठवत नाही.  मी पोराला छातीशी धरलं आणि पहिल्यांदा नाव घेऊन हाक मारली. हळूच, कोणाला ऐकू जाऊ नये अशी. बरं वाटलं गं.

पुढचे दिवस तू कसे काढलेस ते मी बघितलंय. मामंजींनी तुझ्या हातचं जेवण सोडलं. पाण्यावर बायका तू आलीस की घागर न भरता बाजूला व्हायच्या. बाजारात तुझ्या शेजारी बसणारी उठून पलीकडे गेली. तू नाव ठेवलंस, म्हणजे तू भावाला अन्नपाण्याशिवाय, पिंडाशिवाय भटकत ठेवलंस, असं तोंडावर सांगणाऱ्याही होत्या. तू कधी नव्हे ते उलट बोलली नाहीस. मासळी विकून झाली की बंदरावर जायचीस आणि आलेल्या प्रत्येक गलबताला विचारायचीस. थळचा मचवा कुठे दिसला का, चार माणसं कोणी काढली का. संध्याकाळी परत आलीस की माझ्याकडे न बघता टोपली धुवायला बसायचीस. तेवढ्यावरून मला कळायचं.

आणि मग ती दुपार. मी पोराला तेल लावत होते. गल्लीतून तू येताना दिसलीस, डोक्यावर टोपली नाही, पायांत भान नाही. तू दारात येऊन उभी राहिलीस. धापा टाकत होतीस पण आवाज अगदी सरळ ठेवलास.

"यमे, पोराला उचल. त्याच्या बापाला नाव सांगायचं हाय."

तुझ्यामागून तो आला. दाढी वाढलेली, अंगात कोणा दुसऱ्याचा सदरा, पायांत वहाणा नाहीत.  तेलाच्या हातांनी पोर निसटेल म्हणून मी त्याला घट्ट धरून बसून राहिले. मामंजी ओटीवरून उठले, लेकाच्या तोंडावरून हात फिरवला, खांदे चाचपले, जसा काही मचवा तपासतायत. तुझा भाऊ पोराकडे बघत होता.

"नाव काय ठेवलंव?" त्यानं विचारलं.

मी पोराचं तोंड त्याच्याकडे वळवलं. तू मुद्दाम मामंजींकडे बघितलंस. मामंजीच बोलले.

"असोक," म्हणाले. आणि मग तुझ्याकडे न बघता, "हौसा, भूक लागलीय गो. भात वाढ."

त्या एका वाक्यात म्हाताऱ्यानं तुझी माफी मागितली. तू चुलीकडे गेलीस आणि तिथे जी रडलीस! भात लागला. करपलेला भात त्या दिवशी सगळ्यांनी खाल्ला.

काय झालं होतं ते मागाहून कळलं. सुकाणू मोडलं, शीड गेलं, मचवा वाहत दक्षिणेला गेला. मलबारकडे निघालेल्या एका कच्छी जहाजानं चौघांना वर घेतलं. जहाज काही उलटं फिरेना. तिकडे उतरून, मिळेल त्या गलबतावर काम करत हे मुंबईला आले, तिथून रेवस आणि रेवसहून पायी. तार का नाही केली म्हणून मी पुष्कळ भांडले. "तारवाला दारात बघूनच तुमी सगली मेली असतीव," असं उत्तर मिळालं. तेही खरंच होतं. आपल्या वाडीत तोवर तारेनं दुसरी बातमी कधी आलीच नव्हती.

तू मात्र सगळं श्रेय नावाला दिलंस. कच्छी नाखव्यानं वाचवलं म्हटलं तरी तुला पटायचं नाही. "त्याला कुनी धाडला?" विचारायचीस. यावर आपलं एकोणीस वर्षं भांडण चाललं आणि मिटलं नाही.

नावावरून दुसरीही भांडणं झाली. देवळात कीर्तनाला आलेले बुवा एकदा म्हणाले, हे नाव काही शुभ नाही, अशोकवनात सीतामाई रडली. मी घाबरले. तू बसल्या जागेवरून विचारलंस, "रडली, पन राम आला का न्हाय शेवटी?"  बुवा म्हणाले, आला. "झालं तर," म्हणून तू सुपारी कातरायला घेतलीस.

मग अशोक चौथीत गेला आणि इतिहासाचं पुस्तक घेऊन तुझ्यापुढे बसला. राजानं कलिंगावर स्वारी केली, लाखो माणसं मेली, रणांगण बघून राजाला फार शोक झाला. पोरानं वाचलं आणि विचारलं, "आत्या, याला तर सगळ्यात जास्त शोक झाला. मग नाव असं का?" मला हसू आवरेना. मला वाटलं, आता तू अडकलीस. तू पुस्तकाकडे बोट केलंस. "पुढं काय झालं त्याचं?" विचारलंस. त्यानं वाचलं, राजानं लढाई सोडली, रस्त्यांना झाडं लावली, विहिरी खणल्या. तू म्हणालीस, "मंग नाव बरोबर हाय. शोक झाला पन धरून न्हाय बसला." मी म्हटलं, अर्थ तू सोयीनं फिरवतेस, मास्तरांनी तसं नव्हतं सांगितलं. हे भांडणही राहिलंच. खरं सांगू, आता मला तुझाच अर्थ बरा वाटतो. तू ऐकायला नाहीस म्हणून कबूल करते आहे असं समजू नकोस. दुखणं नसतं तर या पावसाळ्यात सांगणारच होते.

तुझ्या भावाच्या येण्यानंतरच्या वर्षी शेजारची जानकी तुझ्याकडे आली. तिची आधीची दोन मुलं राहिली नव्हती, तिसरा पाळण्यात होता. ती म्हणाली, "हौसाबाय, माझ्या पोराचं नाव तू ठेव. तेच ठेव." तू म्हणालीस, "मी? मला कोन हात लावू दील पालन्याला?" जानकी म्हणाली, "मी दीन. पोर माझा हाय." त्या दिवशी तू नवं लुगडं नेसलीस, केसांत फूल नाही पण तेल लावलंस, आणि चुलीकडून नाही, पुढच्या दारानं आत गेलीस. मी तुझ्यामागेच होते. उंबऱ्याशी तुझा पाय क्षणभर अडखळला होता, तो फक्त मी बघितला. जानकीचा मुलगा जगला. मग दुसरी आली, मग तिसरी. मचवा उशिरा लागलेल्या घरातून आली, आजारातून उठलेल्या बाळाची आई आली. मी म्हणायचे, "अगं, दुसरं एखादं नाव येत नाही का तुला? प्रकाश आहे, अरुण आहे." तू म्हणायचीस, "येतात की. याच्याहून बरं कुठलं ते सांग."

शाळेचे गुरुजी हजेरी घेताना कंटाळले. कोळीवाड्यात नावांचा दुष्काळ पडलाय का, असं त्यांनी मलाच विचारलं. काळा अशोक, लांब अशोक, जानकीचा अशोक अशी पोरांनी आपसात वाटणी केली. खरं तर त्या दिवसांत सगळ्या मुलखात ते नाव निघालं होतं. अलिबागला वकिलांच्या घरी होतं, पालीला गणपतीला गेलो तर तिथे पुजाऱ्याच्या घरी होतं. पण तुला ते पटवणं शक्य नव्हतं. एकदा लाँचमध्ये एका गुजराती शेठाणीनं आपल्या पोराला हाक मारली, "अशोक, अंदर आव!" तू माझ्या बरगडीत कोपर मारलंस आणि डोळे मोठे करून म्हणालीस, "यमे, आपलं नाव हितवर पोचलं!" सबंध लाँच आपल्याकडे बघत होती.

एकदाच मी तुला ते विचारलं होतं. बोंबील वाळत घालत होतो, दोघीच होतो. "हौसा, तो आला नसता तर?"

तू हातातला बोंबील काठीवर अडकवलास, दुसरा घेतलास. "तर तू मला रोज शिव्या दिल्या असत्यास."

"मी नसत्या दिल्या."

"दिल्या असत्यास. वरीसभर वाट बघून मंग बांगड्या फुटल्या असत्या, तर जास्त दुखलं असतं. मला ठावं होतं." मग तू म्हणालीस, "पन तेवढं वरीस तरी तू आशेनं जगली असतीस. मला ते पन मिलालं न्हाय, यमे."

मला तेव्हा तुला जवळ घ्यायचं होतं. हातांना मासळी होती, वर ऊन होतं, आणि आपल्यात तशी रीत नाही. मी नुसती तुझ्या टोपलीतले अर्धे बोंबील माझ्याकडे ओढले आणि वाळत घालायला लागले. तुला कळलं असेल, असं धरून चालते.

गेली दोन वर्षं अशोकवरून आपलं बिनसलं होतं. मॅट्रिक झाला, मुंबईत गोदीत नोकरी लागत होती. मी म्हणत होते जा, जमिनीवर राहा. तू म्हणालीस, त्याला विचार. त्याला इंजिनाच्या बोटी हव्या होत्या. "नाव शोक न्हाय असं ठेवलंय, भ्या न्हाय असं पन वाढू दे," म्हणालीस, आणि मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही. तो बोटीवर गेला. आता त्याची बोट यायची असली की मीही किनाऱ्याकडे बघत असते, पण पूर्वीसारखी हातातलं काम टाकून नाही. कोण बरोबर ते अजून ठरलेलं नाही. मात्र तुझ्या शेवटच्या आठवड्यात तो बोट सोडून घरी बसला होता. तुझे पाय चेपायचा. तू अर्धवट ग्लानीत त्याला विचारलंस, "कोन?" तो म्हणाला, "अशोक." तू म्हणालीस, "कंचा?" आणि ओठांच्या कोपऱ्यात हसलीस. तुझं शेवटचं हसणं ते.

अग्नी त्यानंच दिला. तुझा भाऊ होता, तरी तो मान सगळ्यांनी त्यालाच दिला.

तुला अंगणातून उचललं तेव्हा पुरुष माणसं जास्त जमली होती. मी दारात उभी. मामंजींना आता दिसत नाही, त्यांना खुर्चीत बसवून ओटीवर आणलं होतं. तिरडी उचलली आणि गल्लीच्या चढाला एक बाजू कलली. पुढचा एक जण लहानखुरा होता, त्याला पेलत नव्हतं. तुझ्या भावानं मागून आवाज दिला, "अशोक, खांदा बदल!"

आणि चारही जण एकदम थांबले. चौघांनी खांदा काढायला घेतला. तिरडी मध्येच डगमगली. आपला अशोक होता, जानकीचा होता, लांब होता आणि काळाही होता. चौघे एकमेकांकडे बघायला लागले. कोणाला बोलावलंय ते कोणालाच कळेना. गर्दीत कोणीतरी फसकन हसलं, मग जानकी हसली, मग रडता रडता मी हसले. तुझा भाऊ डोळे पुसत हसत होता. मयताच्या दारात इतकं हसू मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

मामंजींना दिसत नव्हतं. "काय झालं? का थांबली?" ते विचारायला लागले. मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "मामा, चारी अशोकच आहेत. कोणी खांदा बदलायचा ते कळत नाही."

 म्हातारा काठी आपटून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कुनी बदलू नका. चला. सगल्यांचीच आत्या हाय ती."